त्रोवसात राहिलेला झगा

छळात टिकून राहण्याविषयी मंडळीत बोलणे निघाले की आपण बहुधा रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे विश्वासासाठी प्राण देणाऱ्यांच्या, गोष्टी सांगतो, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. परंतु ज्या बहिणीशी बाप्तिस्म्यानंतर घरचे बोलत नाहीत, ज्या पाळकाला प्रार्थनेसाठी गेल्यावर दारातूनच परत पाठवले जाते, त्यांना त्या गोष्टी ऐकून कित्येकदा धीर येण्याऐवजी स्वतःचाच विश्वास थिटा वाटू लागतो. सेवेतील अनेकांच्या तोंडून मी हे ऐकले आहे. अशा वेळी मी त्यांच्यासमोर नव्या करारातील, प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेले दुसरे पत्र उघडतो आणि थेट चौथ्या अध्यायाकडे जातो.

सुयुद्ध केले, धाव संपवली, विश्वास राखला, ही त्या अध्यायातील वचने आपल्याला तोंडपाठ असतात. त्यांच्या पुढची वचने मात्र आपण भराभर वाचून संपवतो. तेथे बेड्यांत असलेला आणि आपला अंत जवळ आल्याचे ओळखून असलेला हा प्रेषित, त्रोवस शहरात कार्प नावाच्या माणसाजवळ राहिलेला झगा मागवतो, पुस्तके मागवतो, चर्मपत्रे तर आवर्जून आणायला सांगतो, आणि होईल तितके करून हिवाळ्यापूर्वी ये, अशी विनवणी करतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्रातील जहाजांची ये-जा जवळजवळ थांबत असे, त्यामुळे तीमथ्याला उशीर झाला असता तर सारा हिवाळा त्या झग्यावाचून काढावा लागला असता. सहकारी देमास सोडून गेला, हे पौल दडवत नाही. एकटा लूक जवळ आहे, हेही लिहितो. आपल्या पहिल्या जबाबाच्या वेळी कोणीच बाजूने उभे राहिले नाही, असे सांगून लगेच पुढे, प्रभू मात्र जवळ उभा राहिला व त्याने शक्ती दिली, असे तो म्हणतो. ज्याच्याजवळ प्रभू उभा होता तोच माणूस मित्राला लवकर ये म्हणतो आणि थंडीसाठी कपडा मागतो. आपल्याकडे सेवकाने अशी गरज बोलून दाखवली की त्याचा विश्वास कमी पडला असे समजणारे लोक आहेत. त्यांनी हा अध्याय पुन्हा सावकाश वाचावा, असे मला मनापासून वाटते.

याच पत्राच्या पहिल्या अध्यायात अनेसिफराचा उल्लेख येतो. त्याने कोणता उपदेश केला, कोणते चमत्कार केले, यातले काहीही तेथे नाही; तो रोममध्ये आला, त्याने पौलाला कसून शोधले, तो सापडल्यावर वारंवार त्याला हुशारी आणली आणि त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही, एवढेच आहे. कैद्याचा शोध घेत फिरणे म्हणजे आपणही त्याच्याच पंथाचे आहोत हे चारचौघांत कबूल करणे होते. आमच्या संगतीतील एका बहिणीला नातलगांनी तोडले, तेव्हा आम्ही तिच्यासाठी नेटाने प्रार्थना करत होतो. पण पुढे तिने सांगितले की तिला सर्वांत जास्त आधार झाला तो तिच्या घरी दुपारी येऊन बसणाऱ्या एका वयस्कर बाईंचा. त्या बाई फारसे बोलत नसत. तिच्याबरोबर भाजी निवडत आणि जाताना एक स्तोत्र वाचत.

टिकून राहणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे, असाही एक समज आहे, आणि तो मला घातक वाटतो. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे प्रभूने स्वतः आपल्या शिष्यांना सांगितले आहे. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जिवावर बेतले तेव्हा शिष्यांनी पौलाला पाटीत बसवून रात्री गावकुसावरून खाली सोडले. दुसऱ्या शतकात स्मुर्णा (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) येथील मंडळीचा वृद्ध अध्यक्ष (बिशप) पॉलीकार्प मित्रांच्या आग्रहावरून शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिला होता. पुढे शिपाई पोहोचले तेव्हा त्याने त्यांना जेवू घातले आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. ख्रिस्ताला नाकार, असे अधिकाऱ्याने फर्मावल्यावर, ८६ वर्षे मी ख्रिस्ताची सेवा केली, त्याने माझे काहीच वाईट केले नाही, मग मी माझ्या राजाची निंदा कशी करू, हे त्याचे उत्तर सर्वांना माहीत असते. पण त्याच वृत्तांतात क्विंटस नावाच्या माणसाचीही हकिकत आहे. तो आपण होऊन पुढे झाला, इतरांनाही त्याने तसे करायला लावले, आणि श्वापदे पाहताच घाबरून त्याने देवतांना अर्पण केले. आपण होऊन स्वतःला स्वाधीन करणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, असे स्मुर्णाच्या मंडळीने तेथे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

छळाच्या भीतीने विश्वास नाकारून जे पडले त्यांचे काय, हा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या हुकुमानुसार रोमी साम्राज्यातील रहिवाशांना देवतांना अर्पण करून तसा दाखला घ्यावा लागला. असे काही दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत: मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो आहे आणि आताही तुमच्यासमोर पेयार्पण करून बळीचे मांस चाखले आहे, अशा आशयाचा ठरावीक मजकूर, खाली अधिकाऱ्यांची साक्ष. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी अर्पण केले, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला, आणि छळ ओसरल्यावर ते रडत मंडळीच्या दाराशी आले. रोममध्ये मंडळीचा एक पुढारी नोव्हेशियन याने त्यांना परत घेण्यास नकार दिला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा अध्यक्ष सिप्रियन याने घाईने क्षमाही वाटली नाही आणि दारही कायमचे लावले नाही. पश्चात्तापाचा काळ ठरवून परतीची वाट मोकळी ठेवली. त्या छळात सिप्रियन स्वतः लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याने बोल सोसले होते. पुढे २५८ मध्ये त्याच कार्थेजात तलवारीखाली त्याने प्राण दिला. मला सिप्रियनचा मार्ग अधिक शुभवर्तमानाला धरून वाटतो, कारण पेत्राने तीनदा नाकारल्यानंतरही त्याला कळप सांभाळायला सांगणारा प्रभू तोच आहे.

दुखावणाऱ्या सर्वांना पौल एकाच मापाने मोजत नाही, हेही ध्यानात घ्यावे. ऐन वेळी दूर राहिलेल्यांविषयी तो, हे त्यांच्या हिशेबी धरले न जावो, अशी प्रार्थना करतो. आलेक्सांद्र तांबटाने मात्र माझे पुष्कळ वाईट केले, असे तो नाव घेऊन सांगतो, फेड प्रभूवर सोपवतो आणि तीमथ्याला त्याच्यापासून जपून राहायला बजावतो. सूड न घेणे आणि सावध राहणे ही दोन्ही एकाच अंतःकरणात राहू शकतात. छळ झालेल्या माणसाला, झाले ते विसरून जा, असे सांगण्याची घाई आपण करू नये.

आणि मग मार्क, पौलाच्या प्रवासातला एक सहकारी. पंफुल्या प्रांतात तो काम सोडून परत गेला होता. त्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. त्याच मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे, असे पौल या शेवटच्या पत्रात लिहितो. आमच्या मंडळीतील एका बंधूने धमक्यांना आणि घरच्या ओढाताणीला कंटाळून सेवा सोडली, आणि तेव्हापासून तो सभेलाही येत नाही. या आठवड्यात मी त्याला भेटायला जाणार आहे. रविवारच्या शाळेतील मोठ्या मुलांचा वर्ग शिक्षकावाचून आहे. तो त्याने घ्यावा, असे मी त्याला विचारणार आहे.