इतका महाग, तरी चुरगळलेला?

लिननचा शर्ट इतका महाग असून चुरगळतो कसा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जळगावात माझं शर्ट शिवायचं छोटं दुकान आहे आणि उन्हाळ्यात मी स्वतः लिननच घालतो. त्यामुळे होळी झाली की हा प्रश्न सुरू होतो. परवा मापाला आलेल्या धरणगावच्या एका काकांनी माझी बाही चिमटीत धरली आणि म्हणाले, "इतला महाग, तरी चुरगळेल?"

हो, चुरगळतो. न चुरगळणारं 'लिनन' स्वस्तात मिळालं, तर त्यात बहुधा पॉलिएस्टर असतं. एक धागा काढून जाळून बघा. वितळून टोकाला कडक मणी झाला, तर समजून जा. नुसती कागदासारखी राख झाली, तर निदान पॉलिएस्टर नाही. पण सुती धागाही तसाच जळतो, तेव्हा एवढ्यावरून लिनन ठरत नाही.

लिनन म्हणजे जवस. तेच, जे आपण भाजून लाल मिरचीबरोबर कुटतो. काकांना हे पटेना. आपल्याकडचं जवस बियांसाठी, बुटकं आणि फांद्या फुटणारं. कापडाचं वाण वेगळं. फ्रान्स-बेल्जियमकडे ते दाट पेरतात, त्यामुळे काडी फांद्यांत न जाता मीटरभर सरळ वाढते. ती कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धागा पूर्ण लांबीचा निघतो. मग शेतातच पसरून दवावर कुजवतात. अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढतात ना, त्यातलाच प्रकार. काकांना अंबाडीवरून लगेच कळलं. त्यांच्या घरी दोर वळायचे.

तर हा वाखाचा धागा. कापूस थोडा तरी ताणला जातो, हा जवळजवळ नाहीच. म्हणून दुमडला की दुमडलेलाच राहतो. पण त्याच ताठपणामुळे कापड अंगाला चिकटत नाही, मधून वारा खेळतो. घाम पटकन पितं, पटकन सुकतं. मे महिन्यात पारा ४४च्या वर गेला की दुपारी मशीनवर बसून बघा, मग सुरकुत्यांकडे लक्ष जात नाही. शर्टाला मी ६० ली घ्या म्हणतो. ली म्हणजे एका पौंडात ३०० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. आकडा मोठा तितका धागा बारीक. २५ लीचं जाडं कापड पँटीला चांगलं, शर्टाला गोणपाट वाटतं.

आता काळजीचं. माझा पहिला पांढरा लिनन शर्ट मी स्वतःच घालवला. खळ घालून कडक इस्त्री करायचो, आणि घडी दर वेळी त्याच रेघेवर. दोन उन्हाळ्यांत कॉलर मुडपते तिथे आधी बारीक लव दिसली, मग चीर. कापड विरलं नव्हतं, धागा वाकून वाकून मोडला होता. तेव्हापासून खळ बंद, आणि शर्ट हँगरवर. ब्लीच तर नकोच.

धुवायला मात्र घाबरू नका. हा धागा ओला असताना उलट जास्त मजबूत असतो, आणि दर धुण्याला मऊ पडत जातो. फक्त पिळू नका, नाहीतर पिळाच्या सुरकुत्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. इस्त्री गरम हवी आणि कापड दमट. पूर्ण वाळलं असेल तर पाणी शिंपडून दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. गडद रंग उलट्या बाजूने, नाहीतर शिवणीवर चकाकी येते.

आणि शिवण्याआधी भिजवा. पहिल्या पाण्यात मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाचं मी ऐकत नाही. काकांचं सव्वादोन मीटर आत्ता मागच्या बादलीत आहे. कातर परवा लावीन.