थेंब आतल्या धाग्यावर थांबला

लुधियानातल्या एका रंगाईत २० किलो मेरिनो लोकरीच्या लड्यांचा मरून लॉट बाहेर निघाला तेव्हा प्रत्येक लडी वरून गडद आणि आतून फिकी होती. मास्तरांचा संशय रंगावर गेला. मी त्याच खेपेतल्या, (धुण्यात आटू नये म्हणून) क्लोरीन दिलेल्या पण अजून न रंगवलेल्या लड्या मागवल्या आणि त्यांवर पाण्याचे थेंब टाकले. वरच्या धाग्यात थेंब तीन-चार सेकंदांत मुरला. आतल्या धाग्यावर मात्र मिनिटभर मोत्यासारखा बसून राहिला.

लोकरीच्या खवल्यांवर मेदाम्लाचा अतिशय पातळ थर घट्ट जोडलेला असतो. तो पाणी झटकतो आणि रंगालाही अडवतो. क्लोरीन तो काढते आणि खवलेही मऊ करते. म्हणजे क्लोरीन जिथे असमान लागलं, तिथे रंग असमानच बसणार.

नोंदवहीत डीसीसीए, म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणारी पावडर, लोकरीच्या वजनाच्या ३ टक्के, म्हणजे ६०० ग्रॅम होती. प्रमाण बरोबर. पण सगळं द्रावण एकदम ओतलं होतं, सामू ४ आणि पाणी ३५ अंश. अशा वेळी क्लोरीन इतक्या झपाट्याने लागतं, की वरचे थरच ते संपवतात.

पुढच्या खेपेला पाणी २० अंश, सामू ५.५ आणि लड्या सैल टांगलेल्या. पावडर विरघळवून अर्ध्या तासात थोडी थोडी सोडली आणि पंपाची दिशा बदलत राहिलो. पावडरवर थेट अ‍ॅसिड ओतायचं नाही, विषारी वायू सुटतो. शेवटी स्टार्च-आयोडाइड कागद निळा पडला, म्हणून सोडियम सल्फाइट दिलं. उरलेलं क्लोरीन रंगच जाळतं. थेंब आत-बाहेर सारखाच मुरला, तेव्हाच रंग सोडला.

अशी लोकर रंग अधाशासारखा ओढते. म्हणून ४० अंशांवर सामू ६ ठेवून, लेव्हलिंग एजंटसह (रंग सगळीकडे सारखा बसवणारं रसायन) सुरुवात केली. मिनिटाला १ अंश वाढवत ९८ पर्यंत नेलं आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड नंतर हप्त्याने दिलं. एक अडचण राहतेच: ज्या वाटेने रंग सहज आत जातो, त्याच वाटेने धुण्यात बाहेरही येतो. मशीनमध्ये धुवायच्या मालाला मी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे लोकरीशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रंगच सुचवतो. गडद शेडला, न जोडलेला रंग निघावा म्हणून, रंगाईनंतर ८० अंशांवर, अमोनियाने सामू ८.५ करून पंधरा मिनिटं फिरवायचं.

बिघडलेला लॉट तासभर जास्त उकळून पाहिला. पण त्यात मिलिंग रंग (लोकरीला घट्ट धरणारे अ‍ॅसिड रंग) होते, ते एकदा बसले की सरकत नाहीत. शेवटी त्यावर काळा चढवला.