व्हिटनीचं परमिट आणि पुढचा डोंगर

अमेरिकेतल्या माउंट व्हिटनी शिखरावर जायचं पक्कं झाल्यावर आमच्यात पहिला वाद झाला तो परमिटच्या अर्जावर ‘ग्रुप लीडर’ म्हणून नाव कुणाचं टाकायचं यावर. मानापानाचा प्रश्न नव्हता. परमिट लीडरच्या नावावर निघतं आणि नंतर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ऐन वेळी लीडरला ताप आला, की बाकीच्यांनी पायथ्यावरून शिखर बघायचं आणि गाडी वळवायची. पर्यायी लीडरची नावं देता येतात, पण ती अर्ज भरतानाच. मग ज्याच्या सुट्टीची खात्री होती त्याचं नाव वर आणि उरलेल्यांची पर्यायी म्हणून खाली, असा तोडगा निघाला.

एवढा खटाटोप का, ते सांगतो. व्हिटनी १४,५०५ फूट, म्हणजे ४,४२१ मीटर. अलास्का सोडलं तर अमेरिकेच्या सलग मुख्य भूमीवरचं सगळ्यांत उंच शिखर. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पूर्व कडेला ते आहे. या बाजूची जमीन इन्यो नॅशनल फॉरेस्टची, कण्याच्या पलीकडची सेक्वोया नॅशनल पार्कची. फॉरेस्टमधल्या बहुतेक वाटांवर एका दिवसासाठी जायचं तर कुणी काही विचारत नाही, कुत्रंही नेता येतं. व्हिटनीची वाट मात्र जाऊन-येऊन २२ मैल. दोर लागत नाही, बर्फ वितळल्यावर कातळारोहणाचं कौशल्यही लागत नाही. त्यामुळे ज्याला त्याला वाटतं, आपल्याला जमेल. म्हणून १ मे ते १ नोव्हेंबर या काळात रोज एका दिवसाच्या सफरीसाठी १०० आणि मुक्कामी जाणाऱ्यांसाठी ६० जणांनाच सोडतात.

त्यासाठी लॉटरी असते. अर्ज १ फेब्रुवारी ते १ मार्च या काळात ऑनलाइन भरायचा. आधी भरला म्हणून आधी नंबर लागत नाही, त्यामुळे पहिल्या रात्री जागण्यात अर्थ नाही. अर्जाचे ६ डॉलर परत मिळत नाहीत. नंबर लागला तर माणशी १५ डॉलर वेगळे. पसंतीच्या तारखा मात्र डोकं लावून भराव्या लागतात. जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवार सगळेच मागतात. आम्ही सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यांतले मंगळवार-बुधवार भरले. तेव्हा बर्फ जवळपास संपलेलं असतं आणि दुपारच्या विजांचा जोरही उतरलेला असतो. रात्री कडाक्याच्या थंड आणि दिवस लहान, हा तोटा पत्करला. ग्रुपही मुद्दाम लहान ठेवला, कारण एका तारखेला चार जागा शिल्लक असणं आणि दहा असणं यात फरक पडतोच.

१५ मार्चला निकाल आला आणि मुक्कामाचं परमिट मिळालं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: नंबर लागला म्हणजे काम झालं असं नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तारीख स्वीकारून पैसे भरावे लागतात, नाहीतर जागा जाते. अशा सोडलेल्या जागा नंतर सगळ्यांसाठी खुल्या होतात.

एका दिवसात जाऊन येणारे बरेच असतात. रात्री एक-दोनला निघायचं, संध्याकाळी उतरायचं. ते परमिट मध्यरात्र ते मध्यरात्र एवढंच चालतं. आमच्यात कुणालाच तो पराक्रम करायचा नव्हता. पण मुक्काम म्हटला की तंबू, स्टोव्ह आणि त्यांच्या जोडीला अस्वलाचा डबा आला.

हा डबा म्हणजे कडक प्लास्टिकचा जाडजूड पिंप, झाकण असं की अस्वलाच्या पंजाला उघडू नये. मुक्कामाला तो सक्तीचा आहे. त्यात फक्त खाणं ठेवून भागत नाही. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं आत. आदल्या रात्री जमिनीवर बसून आम्ही पाकिटं फोडून हवा काढत होतो, तरी एकाचा बदामांचा साठा बाहेरच राहिला. गाडीतही काही ठेवायचं नाही. व्हिटनी पोर्टलला, जिथून वाट सुरू होते तिथे, लोखंडी पेट्या आहेत. उरलेलं खाणं तिथे. स्टोव्हसाठी कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट लागतं, ते ऑनलाइन फुकट मिळतं. शेकोटीला मात्र पूर्ण बंदी.

आणि दुसरी सक्तीची वस्तू म्हणजे पिशवी. वाटेवर शौचालय नाही. स्वतःची विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी लागते. आत पावडर असते, ती ओल धरून ठेवते आणि वास दाबते. ऐकताना सगळ्यांनी नाकं मुरडली. वर गेल्यावर पटलं: बारा हजार फुटांवर नुसता ग्रॅनाइट, खड्डा खणायला माती कुठे आहे? आणि कुजायला ऊबही नाही. रोज दीडशे माणसं येणार असतील तर दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

चढाईच्या आधी, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून, आम्ही हॉर्सशू मेडोजला राहिलो, साधारण १०,००० फुटांवर. या सगळ्या प्रकरणात पैसे आणि वेळ कुठे घालवावा असं विचाराल, तर तो इथे घालवावा. पायथ्याचं लोन पाइन गाव चार हजार फुटांच्याही खाली आहे. तिथून थेट वर गेलं तर तगडे लोकही डोकं धरून बसतात. आमच्यातल्या एकीचं डोकं हॉर्सशूलाच दुखलं, जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी कॉटनवुड लेक्सच्या वाटेवर सावकाश फिरून आलो, तेव्हा ती ताळ्यावर आली.

पोर्टल ८,३७४ फुटांवर. पहिल्या दिवशी लोन पाइन लेक, आउटपोस्ट कॅम्प असं करत १२,००० फुटांवरच्या ट्रेल कॅम्पला पोचलो. पाणी भरवशाचं मिळतं ते इथवरच. मार्मोट नावाचा खारीचा गलेलठ्ठ भाऊबंद इथे सॅक कुरतडायला टपलेला असतो, म्हणून रिकाम्या सॅकच्या चेनही उघड्या ठेवल्या.

पहाटे चारला हेडलॅम्प लावून निघालो. पुढे ती प्रसिद्ध ९९ वळणं. वळणं चढायला अवघड नाहीत, कंटाळवाणी आहेत. ट्रेल क्रेस्टची खिंड १३,६०० फुटांच्या आसपास. तिथे पलीकडचा सेक्वोयाचा प्रदेश एकदम समोर उघडतो आणि वाट चक्क खाली उतरते. कष्टाने कमावलेली उंची हातची जाताना सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, तो इथे लिहीत नाही. शेवटच्या दोनेक मैलांत मी पावलं मोजून श्वास घेत होतो. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो.

वर १९०९ साली बांधलेली स्मिथसोनियनची दगडी झोपडी आहे. तिला पत्र्याचं छप्पर आहे, तेव्हा विजा कडाडत असताना आत शिरू नये. दहाच्या सुमारास पश्चिमेकडे ढग जमताना दिसले. आम्ही फोटो आटोपून लगेच उतरायला लागलो.

लॉटरी लागली नाही तरी ही वाट थोडी चाखता येते. व्हिटनी पोर्टलपासून लोन पाइन लेकपर्यंत दिवसा जाऊन यायला परमिट लागत नाही; एका बाजूला तीन मैलांहून कमी अंतर आहे. शिवाय लोक तारखा रद्द करत राहतात आणि त्या जागा साइटवर परत दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला आठवड्याचा मधला दिवस आणि एक-दोन माणसं, एवढंच मागणं असेल तर अधूनमधून बघत राहावं.