निळा दिवा

गाडी खड्ड्यात आदळली की हेडलाइट फडफडतात, ही तक्रार पावसाळ्यात माझ्याकडे आठवड्याला दोन-तीनदा तरी येते. मलकापुरात कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आंबा घाट चढून आलेली आणि उतरायला निघालेली वाहनं दारावरूनच जातात. बहुतेक वेळा अर्ध्या तासाचं काम असतं. बॅटरीचं टर्मिनल ढिलं, होल्डरमध्ये कार्बन, नाहीतर रिलेचे पाय सैल. पण या ऑगस्टमधली एक गाडी अजून डोक्यातून जात नाही, कारण दोन महिन्यांपूर्वी ती मीच ‘ओके’ म्हणून सोडली होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्याच आठवड्यात एक शिक्षक जोडपं पांढरी छोटी कार घेऊन आलं. सरांची शाळा इथंच, मॅडमची घाटाखाली साखरप्याकडे. गाडी रोज मॅडम चालवतात. तरी बोलले सर, आणि मीही सरांशीच बोलत राहिलो. "डावी लाइट फडफडते," सर म्हणाले. गाडी फाटकातून आत येताना त्यांनी ते बघितलं होतं. मॅडम मागून म्हणाल्या, "दादा, दोन्ही जातात हो. आणि गेल्या की समोरचा निळा दिवा लागतो." निळा दिवा म्हणजे डॅशबोर्डवरची अप्परची खूण. अप्पर म्हणजे लांबवर पडणारा प्रकाश, डिप्पर म्हणजे खाली, जवळ पडणारा. मी मान वर न करताच उत्तर दिलं, "खड्ड्यात हात लागत असेल मॅडम तुमचा, डिप्परच्या दांडीला." त्या पुढं काही बोलल्या नाहीत.

डावा होल्डर ओढला तर तो तपकिरी पडून पिनेला चिकटलेला. आत 100/90 चा बल्ब, म्हणजे अप्परला 100 वॅट, डिप्परला 90. या लोकांना कितीदा सांगायचं? गाडी कारखान्यातून निघते ती 60/55 वॅटच्या बल्बवर, आणि वायरची जाडी, होल्डर, फ्यूज सगळं त्या हिशेबानं बसवलेलं असतं. डिप्परवर 55 चे दोन बल्ब म्हणजे साधारण 9 अँपिअर. 90 चे दोन घातले की तेच 15 वर जातात आणि होल्डर वितळतो. मी दोन्हीकडे 60/55 चे बल्ब आणि सिरॅमिकचे होल्डर घातले, अप्पर-डिप्पर बघितलं, बॉनेटवर दोन थापा मारल्या, बिल केलं. जळका होल्डर सरांच्या हातात ठेवला तेव्हा मला स्वतःला पूर्ण खात्री होती.

ऑगस्टमध्ये मॅडम एकट्याच आल्या, सकाळी दुकान उघडायच्या आधी. आदल्या दिवशी शाळेत मीटिंग लांबली, साखरपा सोडायलाच अंधार झाला. घाटात धुकं होतं. एका वळणावर चाक खड्ड्यात गेलं आणि दोन्ही हेडलाइट गेले. त्या रात्री पुन्हा लागलेच नाहीत. धुक्यात लाइट असेपर्यंत समोर पांढरं दिसतं, गेल्यावर काहीच दिसत नाही. त्यांनी ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी उभी केली आणि हॅझर्ड लावले. दरी कुठल्या अंगाला किती हातावर आहे, तेही कळत नव्हतं म्हणाल्या. मागून एसटी आली. ड्रायव्हरनं प्रकार ओळखला, एसटी पुढं घेतली आणि सावकाश चालवली. तिच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून त्या आंब्यापर्यंत चढल्या. त्या ड्रायव्हरचं नाव त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. पण तो माणूस मला भेटायला हवा.

आवाज न चढवता त्या एवढंच म्हणाल्या, "निळा दिवा परत लागला होता. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."

हे ऐकलं आणि मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण त्या एका वाक्यात सगळा दोष सांगून झाला होता. बल्बला तीन पिना असतात. एक अप्परची, एक डिप्परची आणि तिसरी दोघांची मिळून अर्थची. डिप्परचा सप्लाय आत येतो, फिलामेंट पेटवतो आणि अर्थच्या पिनेतून बॉडीत, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. ही परतीची वाट तुटली तर सप्लाय दुसरी वाट शोधतो. बल्बमध्येच तो अप्परच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, अप्परच्या वायरनं मागं डॅशबोर्डपर्यंत जातो आणि तिथल्या निळ्या दिव्यातून अर्थ गाठतो. निळा दिवा एवढासा. त्याच्यातून जाईल तेवढ्या करंटवर हेडलाइटचं फिलामेंट लालसुद्धा होत नाही. म्हणून पुढं काळोख आणि आत निळा दिवा. आणि तोही दोन्ही बाजूंचा अर्थ एकाच ठिकाणी तुटला असेल तरच. जूनमध्ये मॅडमनी ‘दोन्ही’ आणि ‘निळा’ असे दोन शब्द उच्चारले होते. त्यात स्विच, रिले, फ्यूज, होल्डर सगळं बाद होतं. उरतो फक्त दोघांचा सामाईक अर्थ.

तरी या वेळी अंदाजावर पाना उचलायचा नाही असं ठरवलं. गाडी उभी करून, लाइट लावून, मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं होल्डरच्या अर्थ पिनेला लावलं. 0.4 व्होल्ट. चांगल्या अर्थला हा आकडा 0.1 च्या आसपास हवा. लाइट लख्ख लागलेल्या, डोळ्याला काहीच फरक नाही, आणि एका जोडावर 9 अँपिअर गुणिले 0.4, म्हणजे साडेतीन वॅटची उष्णता सतत मुरतेय. जूनमध्ये हे मोजायला मला दोन मिनिटं लागली असती.

पुढचं काम चालत्या गाडीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद म्हणायचे, धक्क्याचा दोष धक्क्यातच बघायचा. मीटर तिथं उपयोगी नाही. त्याचा आकडा बदलेपर्यंत धक्का होऊन गेलेला असतो. मी इंडिकेटरच्या साध्या बल्बला दोन लांब वायरी जोडल्या. एक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक होल्डरच्या अर्थ पिनेला. बॉनेटच्या फटीतून आणि खिडकीतून त्या आत घेऊन बल्ब मांडीवर धरून बसलो. अर्थ शाबूत असेल तर दोन्ही टोकांना निगेटिव्हच, बल्ब विझलेला राहणार. अर्थ सुटला की पिनेवर सप्लाय चढणार आणि बल्ब पेटणार. गाडी मॅडमना चालवायला लावली. बाजारपेठेतला पहिला गतिरोधक, काही नाही. दुसरा, काही नाही. चौपदरीकरणासाठी उकरलेल्या पट्ट्यावर मागचं चाक दणकन उतरलं आणि मांडीवरचा बल्ब पेटला. त्याच क्षणी निळा दिवा. मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. रस्त्याकडे बघत "हं" म्हणाल्या.

दुकानात आणून बॅटरी काढली, खालचा ट्रे काढला. दोन्ही हेडलाइटची काळी वायर डाव्या एप्रनच्या, म्हणजे बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्याला एका दहाच्या बोल्टनं बांधलेली. बोल्ट चकचकीत, वरून बघणाऱ्यानं शंका घेऊ नये असा. पाना लावला तर पाव आट्यात सुटला. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, उचललं तर त्याच्याखाली पांढराशुभ्र रंग. एवढ्या पत्र्यावर गोल वर्तुळात रंग दबला होता, पत्रा कुठंच उघडा नव्हता. सगळा अर्थ बोल्टच्या आट्यांमधून चालला होता आणि ते आटे काळे पडले होते. रंग मऊ, दाबाखाली बसत जातो. तो बसला की बोल्ट सैल होतो. थिंबलच्या काठावर ठिणग्यांचे बारीक डाग होते, खसखस सांडल्यासारखे.

फोनवर सरांना विचारलं. गेल्या दिवाळीत डाव्या बाजूला ठोकर बसली होती, विम्यातून डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. रंग देणाऱ्यानं काम देखणं केलं होतं, शेड कुठं ओळखू येत नव्हती. काचेला, रबराला, नंबरप्लेटला मास्किंग टेप लावतात. अर्थच्या पॉइंटला टेप लावताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही. रंग वाळला की त्याच्यावरच बोल्ट आवळायचा, लाइट लागल्या की गाडी सोडायची. विम्याच्या कागदावर दरवाजा, फेंडर, बंपर सगळं लिहिलेलं असतं. अर्थ तपासल्याची ओळ मला अजून दिसलेली नाही. आणि लाइट लागल्या की गाडी सोडायची, हे जूनमध्ये मीही केलं होतं.

रुपयाएवढा पत्रा खरवडून पॉलिश पेपरनं उजळ केला. नवं थिंबल दाबून कथील लावलं, खाली दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळून वरून ग्रीस दिलं. शिवाय एक जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला ओढली. मीटरवर 0.04 आलं. पैसे घेतले नाहीत. जूनचे परत देऊ लागलो तर त्या म्हणाल्या, "होल्डर जळला होता ना खरंच? मग ते पैसे तुमचेच."

आमच्या दुकानात एक वही असते. गाडी, तक्रार, काम, रक्कम. रात्री जूनचं पान काढलं. तक्रारीच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘डावी लाइट फडफडते.’ मॅडमनी सांगितलेलं त्यात कुठंच नाही. त्या ओळीखाली जागा होती. तिथं ‘दोन्ही जातात, निळा दिवा लागतो’ एवढं लिहिलं आणि तारीख जूनचीच घातली.