सावंतवाडीतल्या छापील चित्रांची आमची वाटचाल

आमचा स्टुडिओ चित्रे काढतो आणि छापतो. कोकणातली झाडे, पावसाळी प्राणी, सणांची मांडणी आणि रोजच्या वापरातल्या वस्तू हे आमचे विषय. शाई आणि जलरंगांत मूळ चित्र तयार करायचे आणि त्याच्या प्रती चांगल्या कागदावर छापून लोकांच्या घरापर्यंत पोचवायच्या, एवढेच आमच्या कामाचे स्वरूप आहे. 2013 साली मी आणि माझ्या यजमानांनी राहत्या घराच्या पडवीत सुरुवात केली. आज कामाची जागा वाढली असली तरी ती घराला लागूनच आहे. मूळ चित्रे विकण्याऐवजी छापील प्रतींवरच सारा व्यवसाय का उभा केला, असे चित्रकला क्षेत्रातली मंडळी अजूनही विचारतात, म्हणून हकिकत त्या निर्णयापासूनच सांगते.

सामान्य मराठी घराच्या भिंतीवर चित्र आले ते छापखान्यातून. 1878 साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा सुरू केली, आणि देवादिकांची व पेशवाईतल्या पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रे लोकांच्या हाती आली. 1894 साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळी प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करावी लागे, आणि एकाच कागदावर ते सगळे रंग जुळवून छापणारे कारागीर चित्रकाराइतकेच महत्त्वाचे असत, जरी त्यांची नावे चित्राखाली आली नाहीत. नंतरच्या पिढीत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या मूळच्या गोव्याच्या दोन चित्रकारांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका यांमधून घराघरांत चित्र नेले. माझ्या माहेरी वर्ष संपले की दिनदर्शिकेचा तारखांचा भाग कापून चित्राला चौकट करून घेत असत, आणि माजघरातल्या त्या चित्रांसमोरच मी रेषा काढायला शिकले. त्यामुळे छापील प्रत म्हणजे अस्सल चित्राची स्वस्त बदली, हे मला कधीच पटले नाही. ज्या घरात मूळ चित्र कधीच येणार नाही, त्या घरातही विचारपूर्वक काढलेले आणि काळजीने छापलेले चित्र असावे, या एका इच्छेवर आमचा व्यवसाय उभा आहे.

मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन मी काही वर्षे जाहिरातीच्या क्षेत्रात काम केले. लग्नानंतर सावंतवाडीला आले तेव्हा यजमानांचे स्क्रीन प्रिंटिंगचे, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापण्याचे काम लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि दुकानांच्या पाट्या यांवर चालत असे. जाळी ताणणे, तिच्यावर इमल्शन म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा लेप चढवणे, प्रकाश देऊन आकार उमटवणे आणि स्क्वीजीचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीचा दाब सारखा ठेवणे ही त्यांच्या हातातली कसबे होती. चित्र रंगांत कसे फोडायचे हे मला येत होते. दोन्ही गोष्टी एका छपराखाली असताना आपण दुसऱ्यांच्याच पत्रिका का छापाव्यात, हा विचार दोघांच्याही मनात एकाच सुमारास आला असावा.

आमचे पहिले खरे चित्र माटवीचे. गणेशचतुर्थीला मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला त्या ऋतूतली फळे, फुले, शेंगा आणि पाने बांधतात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, चिबूड, तवसे, तोरिंजन अशी परसातली फळे तिच्यात असतातच. पण तिची खरी शोभा रानातून आणलेल्या वस्तूंची असते. लालभडक कवंडळे, पांढऱ्या पानांची शेरवड, कांगणीचे घोस, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची कळलावी हे सारे भाद्रपदातच एकत्र मिळते, आणि मिळाल्यावर फार दिवस टिकत नाही. सासूबाई ही झाडे बांधावर, वहाळाच्या काठी आणि देवराईच्या कडेला नेमकी कुठे उगवतात हे जाणतात. त्या वर्षी त्यांनी एकेक वस्तू पानादेठासकट आणून दिली आणि मी ती कोमेजण्याआधी रेखाटत गेले. कोणती वस्तू चौकटीच्या कुठल्या भागात बांधायची, जड फळ मधोमध का घ्यायचे, वेल कसा सोडायचा हेही त्यांनीच सांगितले. चित्राची रचना म्हणून जिचे पुढे कौतुक झाले, ती मुळात त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांच्या हातची रचना आहे, आणि म्हणून त्या चित्राच्या प्रत्येक प्रतीसोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर त्यांचे नाव असते.

चित्र मोठ्या आकारात छापायचे आम्ही ठरवत होतो, तेव्हा सासूबाईंनी विचारले, “ह्यां चित्र कोण लावतलो, नि खंय लावतलो?” या प्रश्नाने आमच्या धंद्याची दिशा ठरवली. माटवीची ओढ सर्वांत जास्त असते ती गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना, आणि त्यांची घरे डोंबिवली, विरार, नाहीतर आखातातल्या एखाद्या शहरात, जिथे कपाट, खिडकी आणि टीव्ही यांमधून उरलेली भिंत लहान असते. आम्ही ए-4 आणि ए-3 हे दोनच आकार घेतले आणि लहान प्रतीची किंमत चांगल्या दिवाळी अंकाच्या आसपास ठेवली. आजही कोणतेही नवे चित्र छपाईला जाण्याआधी हाच प्रश्न घरात विचारला जातो, आणि समाधानकारक उत्तर नसेल तर चित्र फाइलीत राहते.

कोकणात कागदावर काम करणे म्हणजे दमट हवेशी रोजचा व्यवहार. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि फुगतो. पहिला रंग छापून वाळेपर्यंत त्याची लांबीरुंदी किंचित बदलते, आणि सात रंगांच्या चित्रात एवढ्याने कडा सुटतात. म्हणून स्क्रीन प्रिंटिंग आम्ही दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर सुरू करतो आणि मे महिन्याच्या अखेरीस थांबवतो. छापायचा कागद आधी काही दिवस त्याच खोलीत उघडा ठेवतो, म्हणजे तो तिथल्या हवेला सरावतो. पावसाळ्यात चित्रे काढायची, आणि पिग्मेंट शाईच्या डिजिटल प्रती लागतील तेवढ्याच काढायच्या. कागद आम्ही आम्लविरहित सुती वापरतो. लाकडाच्या स्वस्त लगद्याच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो आणि प्रकाशात तो पिवळा पडतो. गिऱ्हाइकांनाही आम्ही आग्रहाने सांगतो की चौकट करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी घाला, आणि पश्चिमेच्या पावसाळी भिंतीवर चित्र लावू नका. बुरशी आणि कसर यांनी चित्र गेल्यावर हळहळण्यापेक्षा हे आधी सांगणे आम्हाला विक्रीइतकेच महत्त्वाचे वाटते.

सावंतवाडीत राहून चित्रे काढणाऱ्याला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, टाळता येत नाही. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पाने असतात. प्रत्येक गटात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. ही कला मागे पडली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभे केले, आणि राजवाड्यात कारागीर हातांनी ही पाने रंगवताना पाहायला मिळतात. वर्तुळात आकृती कशी बसवावी, लहान जागेत नक्षी आणि मोकळी जागा यांचा तोल कसा राखावा, हे मी त्या कारागिरांच्या कामाकडे पाहून शिकले. तसेच कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीचे, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेचे. ठाकर समाजाने जपलेल्या त्या चित्रांतली बाजूने दाखवलेली मुखे आणि ठसठशीत डोळे कुणालाही खिळवून ठेवतात. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. मात्र गंजिफाची पाने किंवा चित्रकथीच्या आकृत्या आम्ही आमच्या छापील चित्रांत उतरवत नाही. तशी मागणी वारंवार येते, आणि ती विकली जातील हेही दिसते. पण ज्यांच्या घरी ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यांच्याकडूनच ते विकत घ्यावे असे माझे ठाम मत आहे. आलेल्या माणसाला आम्ही राजवाड्याचा आणि पिंगुळीचा रस्ता सांगतो.

घर आणि काम एकत्र असल्याने दिवसाची आखणी घराप्रमाणे होते. सकाळी मुले शाळेत गेली की रंगांचे काम, दुपारी जेवणानंतर शेजारच्या दोन जणी येऊन प्रती तपासतात, कडा कापतात आणि नळ्यांत भरतात, आणि संध्याकाळी मोठे टेबल मुलांच्या अभ्यासासाठी मोकळे करावे लागते. गणपती आणि शिमगा या दिवसांत मागणी सर्वाधिक असली तरी स्टुडिओ बंद असतो, कारण ज्या सणांची चित्रे आम्ही काढतो ते सण आम्हाला साजरेही करायचे असतात. उत्पन्न यामुळे कमी होते, हे खरे आहे. मुलीला किड्यांचे वेड आहे आणि मुलाला माशांचे. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या आंबोलीला जाण्याचा हट्ट त्यांचाच असतो, आणि आमची पावसाळी प्राण्यांची मालिका त्या हट्टातून सुरू झाली. आंबोली टोड हा इवलासा भेक आंबोलीच्या परिसराबाहेर आढळत नाही, आणि तिथल्याच हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यातला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा 2020 साली विज्ञानाला नव्याने कळला. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. शाळेच्या पुस्तकांत वाघ आणि सिंह भेटणाऱ्या मुलांना आपल्या तालुक्यातला हा भेक आणि हा मासा भिंतीवर दिसावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

सध्या या मालिकेतल्या माशाच्या चित्रावर काम चालू आहे. वाहत्या पाण्याखालचे खडक आणि त्यांवरचे प्रकाशाचे तुकडे थोड्या रंगांत कसे बसवावेत यावर आमच्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही: त्यांना पाण्यासाठी एक पारदर्शक थर सगळ्यांत शेवटी छापायचा आहे, मला कागदाचा पांढरा तसाच राखायचा आहे. दोन्ही पद्धतींचे नमुने दिवाळीनंतर छापून पाहू. या चित्राच्या लहान प्रती परिसरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना विनामूल्य देण्याचे ठरवले असून त्यांचा कागद आम्ही आताच बाजूला काढून ठेवला आहे.