ॲपमधलं बटण आखायच्या आधी रिलेच्या पलीकडची वायर बघा

बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीकडचं नवं घर असो की खानापूर, चिकोडी, निपाणीकडचं मळ्यातलं, अलार्म पॅनेल आणि ऑटोमेशन आता एकदमच बसतं. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, घरी आई-वडील. त्यामुळे गेट, परड्यातला दिवा, बोअरची मोटार, सायरन, गिझर सगळंच मोबाईलवर हवं असतं. बसवणारा आठ रिलेंचा (रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) बोर्ड लावतो, ॲपमध्ये आठ एकसारखे सरकते स्विच उमटतात आणि काम झालं असं धरलं जातं. पण रिले आठही सारखे असले तरी त्यांच्या पलीकडच्या वस्तू सारख्या नसतात. ॲपमधलं बटण रिले बघून आखायचं नसतं, त्या वस्तूकडे बघून आखायचं असतं.

म्हणून स्क्रीन हातात घेण्याआधी प्रत्येक आउटपुटपुढे, म्हणजे रिलेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूपुढे, कागदावर चार गोष्टी लिहून काढा. त्याला क्षणभराची पल्स लागते, सतत चालू राहणं लागतं, की ठरावीक वेळ? चुकून चालू राहिलं तर काय बिघडेल? काम खरंच झालं हे कळायला वायर आहे का? लाईट जाऊन परत आली की ते कुठल्या स्थितीत असावं? दिव्याची उत्तरं आणि गेटची उत्तरं शेजारी ठेवली की दोघांना एकच स्विच का चालत नाही ते लगेच दिसतं.

गेटचंच घ्या. सरकत्या गेटच्या मोटारीच्या बोर्डवर बहुधा एकच स्टार्ट इनपुट वापरलेलं असतं: पहिली पल्स उघडते, दुसरी थांबवते, तिसरी बंद करते. त्याला कोरडा कॉन्टॅक्ट (स्वतःचं व्होल्टेज न देता नुसत्या दोन वायरी जोडणारा) लागतो, अर्धा ते एक सेकंद. इथे ॲपमध्ये चालू-बंद स्विच दिला तर स्विच ‘चालू’ दाखवत राहतो आणि गेट केव्हाच बंद झालेलं असतं. उलट, पल्स ॲपनं मोजायची ठेवली आणि मधेच मोबाईलची रेंज गेली, तर ‘सोडा’ हा आदेश पोहोचतच नाही, रिले दाबलेलाच राहतो आणि रिमोटही चालेनासा होतो. पल्सची लांबी नेहमी कंट्रोलरमध्ये, म्हणजे घरात रिले चालवणाऱ्या बोर्डात, ठरवायची. त्यावर टास्मोटा ही प्रणाली असेल तर पल्सटाइम (पल्सची लांबी ठरवणारी तिची सेटिंग) ७ म्हणजे ०.७ सेकंद, १११ पर्यंतचे आकडे सेकंदाच्या दहाव्या भागात मोजले जातात, आणि ११२ पासून पुढे हव्या त्या सेकंदांत १०० मिळवून आकडा द्यायचा. बोर्डवर ‘उघडा’ आणि ‘बंद करा’ अशी वेगळी इनपुट असतील तर एक रिले जास्त गेला तरी चालेल, तीच वापरा. मग दोनदा आदेश गेला तरी गेट उलटं फिरत नाही.

गेटची खरी स्थिती कळायला दोन रीड स्विच (चुंबकानं चालणारे छोटे स्विच) बसवा, एक पूर्ण बंद टोकाला आणि एक पूर्ण उघड्या टोकाला. चुंबक जवळ आला की जोडणारा प्रकार घ्या. बंद टोकाचा जुळला तर ‘गेट बंद आहे’. उघड्या टोकाचा जुळला तर ‘गेट पूर्ण उघडं आहे’. दोन्ही सुटलेले असतील तर गेट मधे आहे. तुमच्या गेटला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा, त्यात १० सेकंद मिळवा. तेवढ्यात कुठलंच टोक आलं नाही तर ‘गेट अडकलं आहे’ असं लिहून यायला हवं. दोन्ही एकदम जुळले तर सेन्सर किंवा वायर बिघडली आहे, आणि स्क्रीननंही तसंच म्हणायचं. अंदाजानं ‘बंद’ दाखवायचं नाही. या जोडणीचा फायदा असा की उंदरानं वायर कुरतडली तर गेट ‘बंद नाही’ असंच दिसतं. चूक व्हायचीच तर ती सावधगिरीच्या बाजूला होते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात रीड स्विचची जोडणी उघडी ठेवली तर टिकणार नाही. टोकं सोल्डर करून श्रिंक ट्यूब घाला आणि केबल डब्यात खालून घ्या, वरून नाही.

बंद करण्याबद्दल माझं मत ठाम आहे. फोटोसेल (गेटच्या वाटेत काही आलं की ओळखणारा किरणांचा सेन्सर) बसवलेला आणि तपासलेला नसेल तर लांबून गेट बंद करायचं बटण देऊच नये. मूल किंवा वासरू मधे उभं असलं तर पुण्यातल्या माणसाला ते दिसत नाही. कॅमेरा पुरेसा नाही, त्याचं चित्र काही सेकंद मागे असू शकतं.

आता आदेश जातो कसा ते बघू, कारण गेट आपोआप उघडल्याच्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. एमक्यूटीटी (ॲप आणि कंट्रोलर यांच्यात संदेश नेणारी पद्धत; मधल्या सर्व्हरला ब्रोकर म्हणतात) वापरत असाल तर आदेशाचा संदेश कधीही रिटेन करू नका. रिटेन केलेला आदेश ब्रोकर जपून ठेवतो आणि लाईट येऊन कंट्रोलर पुन्हा जोडला गेला की त्याच्या हातात देतो. रात्री तीनला लाईट येते आणि गेट उघडतं. रिटेन करायची ती स्थिती, म्हणजे ॲप उघडताक्षणी शेवटची माहिती मिळते. सोबत लास्ट विल (ब्रोकरकडे आधीच ठेवलेला शेवटचा निरोप) ठेवा, म्हणजे कंट्रोलर तुटला की ब्रोकर स्वतःहून तसं कळवतो. क्यूओएस १ या पोहोचवण्याच्या पातळीत संदेश किमान एकदा पोहोचतो, म्हणजे दोनदाही पोहोचू शकतो. त्यामुळे ‘उलट कर’ असा आदेश कधी पाठवू नका. ‘चालू’ किंवा ‘बंद’ असं स्पष्ट पाठवा. पल्सच्या आदेशाला क्रमांक आणि वेळ जोडा. तोच क्रमांक पुन्हा आला किंवा आदेश १० सेकंदांहून जुना असला तर कंट्रोलरनं तो टाकून द्यायचा. घाटात रेंज नसताना दाबलेलं बटण अर्ध्या तासानं लागू पडलं तर ते कोणाच्याच कामाचं नाही.

मोटारीची गोष्ट वेगळी. घरच्या एक एचपीच्या सिंगल फेज मोटारीलाही छोट्या रिलेवर थेट चालवू नका. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या भारासाठी. मोटार सुरू होताना आपल्या नेहमीच्या करंटच्या कित्येक पट करंट ओढते आणि कॉन्टॅक्ट चिकटतो. चिकटलेल्या रिलेला ॲप कितीही वेळा ‘बंद’ म्हणालं तरी मोटार चालूच राहते. रिलेनं कॉन्टॅक्टरची (मोठ्या भारासाठीचा दणकट रिले) कॉइल चालवायची, मोटार कॉन्टॅक्टरनं.

उसाच्या रानातली थ्री फेज मोटार बहुधा डीओएल स्टार्टरवर (हिरव्या-लाल बटणांची, मोटार थेट लाईनवर सुरू करणारी पेटी) असते. तिथे दोन रिले लागतात. पहिल्याचा एरवी सुटा असणारा (एनओ) कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर, एक सेकंदाच्या पल्ससाठी; दुसऱ्याचा एरवी जोडलेला असणारा (एनसी) कॉन्टॅक्ट लाल बटणाच्या ओळीत. त्यामुळे कंट्रोलर मेला तरी हातानं मोटार सुरू-बंद करता येते. एक धोका मात्र ध्यानात ठेवा: शेतातल्या स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते आणि बाजारातले निळे छोटे रिले २५० व्होल्टचे. ते थेट त्या सर्किटमध्ये घालायचे नाहीत. कॉइल २३० व्होल्टची बदलून घ्या, नाहीतर त्या व्होल्टेजला चालणारा रिले मधे घाला, आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्या. ओव्हरलोड, ड्राय रन (पाण्याविना मोटार चालणं) आणि फेज गेल्यावरचं संरक्षण स्टार्टरच्या पेटीतच राहू द्या. ते ॲपवर सोपवायचं नाही.

ॲपमध्ये मोटारीला दोन वेगळी बटणं हवीत, ‘सुरू करा’ आणि ‘बंद करा’, आणि त्यांच्या वर स्थितीची वेगळी ओळ. ती ओळ कुठून येते याला महत्त्व आहे. कॉन्टॅक्टरच्या जादा कॉन्टॅक्टवरून आली तर कॉन्टॅक्टर ओढला गेला एवढंच कळतं. वायरवर सीटी (करंट मोजणारं कडं) बसवला तर करंट जातोय हे कळतं. पाणी आटलं की करंट नेहमीपेक्षा कमी होतो, तेही पकडता येतं. पाणी पडतंय हे फक्त फ्लो स्विच सांगू शकतो. जेवढं मोजलं तेवढंच लिहा. सीटीवरून ‘पाणी येतंय’ असं दाखवलं तर रिकाम्या बोअरवर मोटार जळेपर्यंत घरचे निर्धास्त राहतील.

शिवारात थ्री फेज दिवसातले काही तासच असते, हे ॲपला माहीत असायला हवं. फेज तपासणाऱ्या रिलेचा कॉन्टॅक्ट एका इनपुटला आणा. थ्री फेज नसेल तेव्हा ‘सुरू करा’ बटण फिकं करा आणि त्याखाली ‘थ्री फेज नाही’ एवढं लिहा. नुसतं बटण दाबून काहीच झालं नाही की माणूस पाच वेळा दाबतो, मग फोन करतो, मग ॲप वापरणं सोडतो. थ्री फेज आल्यावर मोटार आपोआप सुरू करायची सोय द्यायची असेल तर थोडा उशीर ठेवा, आणि तोही प्रत्येक मोटारीला वेगळा. एकाच वेळी सगळ्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं आणि कॉन्टॅक्टर थरथरायला लागतात.

बटण दाबल्या क्षणी स्थिती बदलून दाखवायची पद्धत दिव्याला खपते, सुरक्षेच्या आउटपुटला नाही. आधी ‘पाठवत आहे’, मग कंट्रोलरचं उत्तर आलं की स्थिती बदला. पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर ‘उत्तर आलं नाही, शेवटची माहिती १२ मिनिटांपूर्वीची’ असं स्पष्ट लिहा. जिथे फीडबॅकची वायरच नाही तिथे स्थिती दाखवू नका, फक्त कृतीचं बटण द्या. होम असिस्टंट हे घराच्या ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सगळं ‘स्विच’ या प्रकारात सोडू नका: गेटला कव्हर, कुलपाला लॉक, नुसत्या पल्सला बटण. त्याचे कार्ड मग बरेचसे बरोबर दिसतात.

सायरन, कुलूप आणि गिझर थोडक्यात. सायरनचं बटण दोन सेकंद दाबून धरल्यावरच लागू व्हावं, ते दिव्यांच्या रांगेत नसावं, आणि तीन ते पाच मिनिटांनी सायरन कंट्रोलरनंच थांबवावा. ‘आवाज बंद’ आणि ‘अलार्म काढा’ या दोन वेगळ्या कृती आहेत. एकाच बटणात घातल्या तर आवाज थांबवताना घराचं संरक्षणही उतरतं. अलार्म पॅनेलच्या पीजीएम आउटपुटवर (हवं ते काम नेमून देता येणारं छोटं आउटपुट) सायरन लावू नका, ते अनेकदा ५० ते १०० मिलिअँपिअरचंच असतं. त्यावर १२ व्होल्टचा छोटा रिले लावा, कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा टाका. विजेचं कुलूप उघडायला ३ ते ५ सेकंद पुरे, तेही कंट्रोलरमध्ये मोजून. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला साडेआठ अँपिअरच्या वर जातो, तीन किलोवॅटचा १३ अँपिअर. दोन्हीला कॉन्टॅक्टर घ्या आणि २० मिनिटांनी आपोआप बंद ठेवा. पल्सटाइममध्ये तो आकडा १३०० येतो.

लाईट परत आल्यावरची स्थिती प्रत्येक आउटपुटला वेगळी लावा. गेट, कुलूप, सायरन, गिझर यांचे रिले बंद. दिवा आधी होता तसा चालेल. टास्मोटात यासाठीची सेटिंग पॉवरऑनस्टेट: ० म्हणजे बंद आणि ३ म्हणजे शेवटची जपलेली स्थिती, आणि न बदलता सोडलं तर ३ असतं. गेटच्या मॉड्यूलवर ते बदलायचंच. अशा मॉड्यूलमधल्या ईएसपी८२६६ चिपच्या काही पिनांवरचा सिग्नल चालू होताना क्षणभर बदलतो, त्यामुळे रिले टकटक करतो. गेट आणि कुलूप तिच्या जीपीआयओ ४ आणि ५ या पिनांवर घ्या. वेळापत्रक कंट्रोलरमध्ये ठेवा आणि सोबत डीएस३२३१ ही बॅटरीवर वेळ जपणारी घड्याळाची चिप लावा, नाहीतर लाईट आल्यावर नेट येईपर्यंत त्याला वेळच माहीत नसते. राउटरला बॅकअप द्या, आणि बाहेरचं नेट नसतानाही घरच्या वायफायवर ॲप चाललं पाहिजे.

भिंतीवरचं बटण काढून टाकू नका. ते मॉड्यूलच्या इनपुटला जोडा म्हणजे दोन्हीकडून चालतं आणि ॲपला कळतं. जुन्या घरांत स्विचबोर्डमध्ये मॉड्यूलला लागणारा न्यूट्रल अनेकदा नसतो, ते आधी उघडून बघा.

नावं घरात ज्या शब्दांनी बोलतात तीच द्या: ‘सोप्यातला दिवा’, ‘परड्यातला दिवा’, ‘न्हाणीतला गिझर’, ‘बोअर’. ‘रिले ३’ कोणालाच कळत नाही. नुसतं ‘चालू’ लिहिलेलं बटण मोटार चालू आहे असं सांगतंय की चालू करायला सांगतंय ते कळत नाही, म्हणून स्थितीला ‘चालू आहे’ आणि बटणाला ‘बंद करा’ लिहा. घरी मराठी आणि राखणदार कन्नड बोलणारा, हे इथे नेहमीचंच. भाषा घराला नाही, त्या माणसाच्या खात्याला जोडा. त्याच्या खात्यात गेट आणि बाहेरचे दिवे पुरेत. नोंदीत कोणी, केव्हा आणि कशावरून, ॲप, भिंतीचं बटण की वेळापत्रक, हे तिन्ही यायला हवं. लाल-हिरव्या रंगावर एकट्यावर विसंबू नका, शब्द लिहा, आणि बटण निदान ४८ डीपीचं (डीपी म्हणजे अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) ठेवा.

ताबा देण्याआधीची तपासणी घरच्या माणसासमोर करा. गेट अर्धं उघडं असताना मेन स्विच पाडा, एक मिनिटानं चढवा. कुठलाही रिले आपोआप दाबला जाता कामा नये. राउटर काढून बटण दाबा, राउटर परत लावा. जुना आदेश लागू होता कामा नये. रीड स्विचची एक वायर काढा आणि स्क्रीन काय म्हणते ते वाचा. शेवटी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाच्या हातात मोबाईल द्या, काही न सांगता गेट उघडायला सांगा, आणि त्यांचं बोट आधी कुठे जातं ते बघून बटणांची जागा पक्की करा.