व्हॅनचा हॉर्न

१४ जून, रात्री

उद्या शाळा उघडतायत. मेन रोडवर आज दप्तरं, रेनकोट, पाण्याच्या बाटल्या घेणाऱ्यांची झुंबड. मूल गेलेल्या ज्या घरांची नावं आमच्या वहीत आहेत, त्यांना उद्याची सकाळ फार जड जाणार.

सकाळी गल्लीत व्हॅन येते आणि सवयीनं त्याच दारासमोर हॉर्न वाजतो. म्हणून व्हॅनवाल्या काकांना आदल्या दिवशीच सांगायचं: तिथं थांबू नका, बाकीच्या मुलांना कोपऱ्यावर घ्या. शाळेच्या ऑफिसात सांगायचं: हजेरीपटावरचं नाव काढा, फीचे मेसेज बंद करा. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मात्र त्यांना न विचारता काढायचं नाही. काही आयांना लेकराच्या मित्रांचे फोटो बघायचे असतात.

लोक विचारतात, मूल गेलेल्या घरी जाऊन बोलायचं काय? बोलायचं थोडंच असतं. मूल गेल्याचं ज्या याद्यांना, मेसेजना, माणसांना कळलेलं नाही, ती सगळी त्या दाराशी येत राहतात. त्यांना अलीकडेच अडवणं, हे खरं काम. ते आईबापांवर टाकायचं नाही. मामा, आत्या, शेजारची काकू, कुणीतरी एकानं अंगावर घ्यायचं.

तान्हं बाळ गेलं असेल तर हे जास्तच टोचतं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. कुणी कळवलं नसेल तर वजनकाटा हातात घेऊन दारातूनच विचारतात, "बाळ कुठंय?" त्यांचा दोष नाही, रजिस्टरात नाव असतं. एक फोन पुरतो. लसीकरणाचे मेसेज, आईच्या मोबाइलमधलं गरोदरपणाचं अॅप, तेही तिला विचारून बंद करायचं. पुढे बालमृत्यूची माहिती घ्यायला नर्सताई येऊ शकतात. त्या येण्याआधीच घरात सांगून ठेवायचं की ही कुणाला दोषी ठरवायची चौकशी नाही. नाहीतर "किती वाजता पाजलं होतं?" या प्रश्नाचा अर्थ आई वेगळाच घेते आणि तो मनातून जात नाही.

आणि दूध. याबद्दल घरात कुणी तोंड उघडत नाही. बाळ नसलं तरी बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरून येते. आईला हे आधी सांगितलेलं नसेल तर ती हादरते. जुन्या बायका फडकं घट्ट आवळून बांधतात, त्यानं गाठी होतात, ठणका वाढतो. त्यापेक्षा नीट बसणारी, आधार देणारी ब्रा घालावी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. फारच ताण आला तर हातानं थोडंसं दूध काढावं, बरं वाटेल इतकंच. पूर्ण रिकामं केलं की शरीर आणखी दूध बनवतं. ताप आला किंवा छातीचा एखादा भाग लाल, गरम, कडक झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. दूध आटवायची गोळी असते, पण ती डॉक्टरांनी दिली तरच. बीपी वाढलेलं असेल तर ते त्यांना आवर्जून सांगायचं.

मोठं माणूस गेलं की दहा दिवस घर भरलेलं असतं. कडू घास येतो, मग गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दशक्रिया, मग तेरावा. तान्ह्या बाळाला बहुतेक घरांत माती देतात आणि पुढचं काही करत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या दिवशी घर सुनं. त्यात आई तेव्हा दवाखान्यात असते, तिला कुणी नेत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ती विचारते, "कुठं ठेवलंय त्याला?" तेव्हा जाऊन आलेल्यांना नेमकी जागा आठवत नाही. ज्याच्या हातून माती दिली जाते त्यानं तेव्हाच जागेची खूण लिहून ठेवावी: कुठलं झाड, भिंतीपासून किती पावलं.

पाळणा, झबली-टोपडी नातेवाईक मायेपोटी घाईनं आवरतात. आवरा, पण धुऊ नका आणि कुणाला देऊ नका. पिशवीत बांधून आत्याच्या कपाटात ठेवा. त्या टोपड्याला अजून बाळाचा वास असतो.

घरातल्या भावंडाला "दादा झोपलाय", "देवाला आवडला म्हणून नेला" असं सांगू नये. चार वर्षांचं लेकरू मग झोपायलाच घाबरतं, नाहीतर देवाला घाबरतं. "दादाचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही, हे तुझ्यामुळे झालं नाही," एवढं सरळ सांगावं. पुन्हा पुन्हा विचारलं तर पुन्हा तसंच.

बापाला जो तो "वहिनी कशी आहे?" विचारतो. त्याला "तू जेवलास का?" विचारायचं, आणि मुलाचं नाव घेऊन बोलायचं. रात्री-बेरात्री फारच घालमेल झाली तर म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवायचा, तिथं मराठीत बोलता येतं. "दुसरं होईल" हे शब्द मात्र कुणी तोंडातून काढू नयेत.

वहीत पुढच्या तारखा लिहिल्यात: राखी, भाऊबीज, दोन वाढदिवस. त्या प्रत्येकीच्या आदल्या संध्याकाळी फोन करायचा.

सातपूरच्या घराच्या व्हॅनवाल्या काकांचा फोन लागला नाही. पहाटे साडेपाचला परत लावायचा.